फिशफाइंडर, फ्यूज आणि भोयांची नजर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

कायाकवर (वल्ह्यानं चालवायच्या छोट्या प्लॅस्टिकच्या होडीवर) फिशफाइंडर म्हणजे पाण्याखालचं पडद्यावर दाखवणारं यंत्र, बॅटरी, रॉड होल्डर कसे बसवायचे यावरचा माझा लेख तुम्ही शेवटपर्यंत वाचलात आणि न आवडलेलं स्पष्ट लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : दूधगंगेचे भोई पाण्याचा रंग आणि बुडबुडे बघून मासा कुठं बसलाय ते सांगतात, त्यांना पडदा लागत नाही. यंत्र आलं की पोरांची नजर पाण्यावरून उठते, ती पडद्यावरच्या कमानीच शोधत बसतात. उद्या धरणंही माशांविना रिकामी होतील. शिवाय "बारा व्होल्टला फ्यूज कशाला पायजे, त्यानं कोण मरतंय काय?" असंही तुम्ही विचारलंय. आणि शेवटच्या ओळीत, तुमच्या पत्र्याच्या होडीला हे यंत्र बसेल का, असा प्रश्न आहे. सगळ्याचं उत्तर देतो, जरा लांबेल.

भोयांची नजर मी मानतो. पण ती नजर तयार कुठं होते ते बघा. दूधगंगा, वेदगंगा या नद्यांना पात्र आहे, काठ ठरलेला आहे. उन्हाळ्यात पाणी आटलं की डोह, खडक, कपारी उघड्या दिसतात आणि माणूस त्या आयुष्यभर लक्षात ठेवतो. हिडकलचं पाणी तसं नाही. घटप्रभेवरच्या त्या धरणात ५१ टीएमसी पाणी मावतं आणि त्याच्या पोटात जुनी शेतं, बांध, रस्ते गेलेत. हुन्नूरचं विठ्ठल मंदिर उन्हाळ्यात पाणी उतरलं की बाहेर येतं, पावसाळ्यात पुन्हा बुडतं. तिथं आजचा काठ महिन्याभरानं काठ राहत नाही. अशा उघड्या पाण्यावर नवख्या माणसानं कुठल्या खुणेवर गळ टाकायचा?

आणि भोईसुद्धा खोली बघायला दोरीला दगड बांधून सोडतातच की. फिशफाइंडर म्हणजे आवाजाचा दगड. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, म्हणजे १० मीटर खोल तळावर आपटून परत यायला त्याला सेकंदाचा पंचाहत्तरावा हिस्सा लागतो. यंत्र तेवढा वेळ मोजतं आणि खोली सांगतं. तळ खडकाळ असेल तर परत येणारा आवाज जोरकस असतो, पडद्यावर जाड ठळक पट्टा उमटतो, कधी त्याच्याखाली तसाच दुसरा फिका पट्टाही दिसतो. गाळ असेल तर आवाज त्यात मुरतो आणि पट्टा बारीक, धूसर होतो. वल्हं मारत पुढं जाताना तळ सपाट चालला असेल आणि एकाएकी रेघ खाली कोसळली, तर समजायचं की जुन्या नदीपात्राची कड आली. एप्रिल-मेमध्ये पाणी उतरतं तेव्हा याच कडेला थांबावं. मला या यंत्राचा खरा उपयोग इतकाच वाटतो.

कारण मासा ते फारसा दाखवतच नाही, आणि ही गोष्ट यंत्र विकणारे सांगत नाहीत. यंत्र खाली सोडतं त्या आवाजाच्या नेहमीच्या २०० किलोहर्ट्झच्या झोताचा कोन २० अंशांच्या आसपास धरा. मग १० मीटर खोलीवर तो साडेतीन मीटर रुंदीचं वर्तुळ बघतो आणि ३ मीटर खोलीवर जेमतेम एक मीटरचं. म्हणजे उथळ पाण्यात कायाकच्या बाजूनं कटल्यांचा थवा गेला तरी पडदा कोराच. पडद्यावर माशाची म्हणून जी कमान दिसते तीसुद्धा मासा झोताच्या एका कडेनं शिरून दुसऱ्या कडेनं बाहेर पडतो म्हणून. कायाकही थांबलेली आणि मासाही थांबलेला असेल तर कमान न होता नुसती आडवी रेघ निघते. पोरं कमानीच शोधत बसतात, हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे.

मरळीच्या बाबतीत तर मी यंत्र बंदच ठेवा म्हणेन. मरळ काठच्या वनस्पतींत, गुडघाभर पाण्यात असते, हवा घ्यायला वर येते. तिची लालसर पिल्लं पृष्ठभागाशी घोळक्यानं वळवळतात आणि नर-मादी खाली राखण करत असतात. ते ओळखायला भोयाचीच नजर पाहिजे, आणि पिल्लं दिसली की गळ दुसरीकडं टाकावा. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, हे ज्ञानही पडदा देत नाही. पण शिवडा मासा ज्या खोल डोहात पडून असतो तो डोह हिडकलसारख्या ठिकाणी वरून दिसत नाही. तिथं यंत्र आणि नजर दोन्ही लागतात.

धरणं रिकामी होण्याबद्दल एवढंच म्हणतो : गळानं एकेक मासा निघतो. नुकसान करतात ती बारीक आसाची जाळी, ज्यात बोटाएवढं पिल्लूही सुटत नाही, आणि जिलेटिनचे स्फोट. तुमचा राग तिकडं वळावा असं मला मनापासून वाटतं. परवाना, स्थानिक मच्छीमार सोसायटीची परवानगी हे मात्र प्रत्येकानं आधी विचारलंच पाहिजे. आणि राकसकोपचं पाणी बेळगाव शहर पितं, तिथं मी कायाक घेऊन जात नाही, कुणी जाऊ नये.

आता फ्यूज. इथं मी जरासुद्धा मागं हटणार नाही. बारा व्होल्टचा शॉक माणसाला मारत नाही, हे खरं. पण फ्यूज माणसासाठी नसतोच, तो वायरसाठी असतो. छोटं यंत्र अर्धा-एक अँपिअर खातं. पण त्याला जोडलेली यूपीएसमधली ७ अँपिअर-अवरची बॅटरी शॉर्ट झाली की क्षणात डझनावारी अँपिअर सोडते. बारीक वायर लालबुंद होते, आवरण वितळतं, आणि हे सगळं बंद प्लॅस्टिकच्या पोटात, तुमच्या मांडीखाली, काठापासून अर्धा किलोमीटरवर. म्हणून माहितीपत्रकात सांगितलेला फ्यूज, छोट्या यंत्रांना बहुधा ३ अँपिअरचा, आणि तो बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभराच्या आत. यंत्राजवळ लावला तर मधल्या सगळ्या वायरीला संरक्षणच राहिलं नाही.

सांध्यांचंही तेच. दोन वायरी पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली की पहिले काही दिवस छान चालतं. मग कधीतरी पडदा आपोआप बंद होऊन सुरू व्हायला लागतो आणि माणूस यंत्राला दोष देतो. अशी एक पट्टी सोडून बघा : डिंक ओघळून काळा चिकट झालेला असतो, आतल्या तांब्यावर हिरवट पूड धरलेली असते आणि वायर वाकवली की केसासारख्या तारा तुटून हातात येतात. पट्टीखाली शिरलेलं पाणी आवरणाच्या आत आत चढत जातं. तिथं विजेला होणारा रोध वाढतो, व्होल्टेज पडतं, यंत्र दम तोडतं. आतून डिंक असलेली हीट-श्रिंक नळी गरम करून आवळली की पाण्याला वाटच राहत नाही. यात फाजील काहीच नाही काका, चार पैशांचं काम आहे.

बॅटरीचं गणितही सांगतो. शिसं-आम्लाची ७ अँपिअर-अवरची बॅटरी निम्म्यापेक्षा खाली नेली की तिचं आयुष्य घटतं, म्हणून साडेतीनच धरायचे. अर्धा अँपिअर खाणारं यंत्र त्यावर सात तास चालतं. वजन दोन किलोच्या वर. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी त्याच मापात निम्म्या वजनाची असते आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते, पण महाग, आणि तिचा चार्जर वेगळा घ्यावा लागतो. कुठलीही घ्या, ती बसकणीजवळ, तळाशी, मधोमध बांधा. वजन वर गेलं की कायाक कलंडायला वेळ लागत नाही, आणि वळवाचं वारं हिडकलवर कसं उठतं ते तुम्ही बघितलंच असेल.

भोकं पाडण्यावरही तुमचा आक्षेप होता. तो रास्त आहे : एकही जास्तीचं भोक पाडू नये. कायाक पॉलिथिलीनची असते, तिला साधा डिंक धरत नाही आणि सरळ पिळलेला स्क्रू ओढला की निघून येतो. म्हणून जिथं आतून हात पोचतो तिथं बोल्ट, रुंद वॉशर आणि मागं पट्टी, जिथं पोचत नाही तिथं रबरी वेलनट, म्हणजे बोल्ट आवळला की भोकात फुगून घट्ट बसणारा नट. स्टेनलेसची पट्टी, अ‍ॅल्युमिनियमचा ब्रॅकेट हे बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही छोट्या वर्कशॉपमध्ये मापानं करून मिळतं. बाहेरून मागवायची गरज नाही. सेन्सरसाठी, म्हणजे आवाज सोडणाऱ्या आणि परत ऐकणाऱ्या भागासाठी, तर भोकच नको. कायाकच्या आत तळाला सीलंटच्या गादीत तो दाबून बसवला तर झोत प्लॅस्टिकमधून खाली जातो. अट एकच, मध्ये हवेचा बुडबुडा राहता कामा नये. बुडबुडा राहिला की पडद्यावर काहीच येत नाही. आणि या सगळ्याच्या आधी लाइफ जॅकेट, अंगात घातलेलं, बसकणीमागं बांधलेलं नव्हे.

तुमच्या होडीला यंत्र बसेल, नक्की बसेल. फक्त पत्र्यातून झोत पाठवण्याच्या भानगडीत पडू नका. कडेला क्लॅम्प लावून त्यात अ‍ॅल्युमिनियमचा किंवा पीव्हीसीचा पाइप उभा धरा, खालच्या टोकाला सेन्सर. तो होडीच्या तळापेक्षा थोडा खाली गेला पाहिजे, नाहीतर पत्राच झोत अडवेल. सेन्सरचं तोंड सरळ खाली असावं. वल्ह्याच्या बाजूला लावू नका, वल्ह्यानं उठणारा फेस आवाज गिळतो. क्लॅम्पला बिजागरी ठेवा, म्हणजे खाली बाभळीचं खोड किंवा जुना बांध लागला तर पाइप मोडण्याऐवजी मागं वर उचलला जाईल. बॅटरी झाकणाच्या डब्यात, डबा बसायच्या फळीखाली बांधून, आणि फ्यूज लावूनच. होडीच्या कडेपासून तळापर्यंतची उंची आणि कडेची जाडी मोजून खाली लिहा, तेवढ्या मापावर क्लॅम्प काढून देतो. उद्यमबागेत करून घ्यायला मीही बरोबर येईन.