फोटोवर बोलायचं तर कारणासकट बोला

वारी सुरू झाली की फोटोग्राफीचे सगळे ग्रुप भरून वाहायला लागतात. आधी दिवे घाट, मग रिंगण, मग चंद्रभागेचं वाळवंट. फोटोखाली ‘अप्रतिम’, ‘जबरदस्त क्लिक’, ‘माउली माउली’ अशी रांग लागते. मधेच कुणीतरी ‘कॅमेरा कोणता?’ विचारतं, कुणी ‘क्षितिज तिरकं आहे’ एवढंच लिहून निघून जातं. कौतुकाने बरं वाटतं आणि वाटायलाच हवं. पण हाच हौशी फोटोग्राफर पुढच्या वर्षी त्याच घाटात उभा राहील तेव्हा त्याने काय वेगळं करायचं, हे त्याला एकानेही सांगितलेलं नसतं. कुठे उभं राहायचं, कोणती सेटिंग बदलायची, किती वेळ थांबायचं, यातलं काहीच ज्यातून कळत नाही तो अभिप्राय अर्धवट आहे, असं माझं ठाम मत आहे. मग ती टीका असो की कौतुक.

दरवर्षी दिसणारा एक फोटो घेऊ. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या वारकरी मावशी घाट चढताहेत, मागे पावसाळी ढगाळ आकाश. किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी) ५५ मिमीला, लेन्सचं छिद्र एफ ५.६, शटर १/१००० सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ४००. चेहरा काळवंडलाय, आकाश फिकट पांढरं आलंय आणि मागच्या पताकेची काठी थेट वृंदावनातून उगवल्यासारखी दिसतेय. यावर नेहमीचा सल्ला येतो: ‘चेहरा डार्क आहे, एडिट करा.’ चूक दाखवली, पण ती कशामुळे झाली ते राहिलंच.

कारण असं आहे की कॅमेऱ्याने फ्रेमभर पसरलेलं उजळ आकाश मोजलं आणि सगळाच फोटो त्या हिशोबाने खाली आणला. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सेटिंग, +१ केलं असतं तर चेहरा उजळला असता. त्यासाठी आयएसओ वाढवायचीही गरज नव्हती, कारण चालणाऱ्या माणसाला १/२५० पुरतो आणि इथे दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) वायाच गेले होते. मात्र +१ केल्यावर आकाश पूर्ण जळलं असतं, म्हणजे निव्वळ पांढरं झालं असतं, हेही त्याच दमात सांगायला हवं. म्हणून खरा उपाय जागेचा आहे. घाटाच्या वरच्या अंगाला, मावशींपेक्षा उंचावर उभं राहून कॅमेरा जरा खाली रोखला, तर मागे आकाशाऐवजी वळणावरून येणारी माणसांची रांग येते. पार्श्वभूमी आपोआप गडद होते, कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसत नाही आणि फोटोत वारीसुद्धा येते. काठीचं म्हणाल तर अर्धं पाऊल डावीकडे, नाहीतर एकापाठोपाठ चार-पाच फ्रेमचा बर्स्ट. माणसं चालत असतात, काठी दोन सेकंदांत सरकते.

‘एडिट करा’ म्हणणाऱ्याने आणखी एक गोष्ट विचारायला हवी: फाइल रॉ (सेन्सरची कच्ची माहिती) आहे की जेपेग (कॅमेऱ्याने तयार करून दाबलेली)? १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६. रॉ असेल तर चेहऱ्याची सावली दीड-दोन स्टॉप सहज उचलता येते. जेपेगमध्ये तेवढी उचलली की गालावर चट्टे आणि रंगीत ठिपक्यांचा नॉइज येतो. फाइल कोणती हे न विचारता दिलेला सल्ला पाळून फोटो आणखी बिघडतो आणि दोष त्या बिचाऱ्याच्या माथी बसतो.

सगळ्यात ढिसाळपणे वापरला जाणारा शेरा म्हणजे ‘शार्प नाही’. फोटो हलल्यासारखा दिसण्याची निदान तीन वेगळी कारणं असतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे. फोटो १०० टक्के मोठा करून बघा. फ्रेममधली प्रत्येक गोष्ट, दगडधोंडेसुद्धा, एकाच दिशेला ओढल्यासारखी दिसत असेल तर हात हलला. उपाय म्हणजे शटर वाढवणं. फोकल लेंग्थ (लेन्सचा मिमीतला आकडा) गुणिले क्रॉप फॅक्टर (लहान सेन्सरमुळे दृश्य जितके पट जवळ दिसतं तो आकडा) हा जुना हिशोब अजूनही चालतो: दीड क्रॉपच्या बॉडीवर २०० मिमी असेल तर निदान १/३००. दगड खणखणीत आणि माणूसच पुसट असेल तर विषय हलला. तिथे लेन्समधलं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, काहीही कामाचं नाही, हे अनेकांना माहीत नसतं. रिंगणात धावणारा अश्व थिजवायचा तर १/१००० हवाच. ढोल वाजवणाऱ्याचं टिपरू पुसट आणि चेहरा स्थिर हवा असेल तर १/३०च्या आसपास उतरून भरपूर फ्रेम घ्याव्या लागतात, त्यातली एखादी साधते. तिसरी शक्यता, फोटोत काहीतरी शार्प आहे, पण ते भलतंच: चेहऱ्याऐवजी कान, पक्ष्याऐवजी पुढची गवताची काडी. हा फोकस पॉइंटचा प्रश्न. कॅमेऱ्यावर सोडून न देता एकच पॉइंट निवडून तो डोळ्यावर ठेवायचा. ‘शार्प नाही’ या दोन शब्दांनी यातलं काय झालं हे कळत नाही. ‘फेट्याचा काठ शार्प आहे, डोळा नाही, फोकस मागे गेला’ एवढ्या एका वाक्याने कळतं.

आणि हे सगळं कशावर बघून बोलतोय, याचंही भान हवं. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते, एक्झिफही (फाइलमध्ये नोंदलेली कॅमेऱ्याची सेटिंग) निघून जातं. त्या फाइलवर शार्पनेसची चर्चा करणं म्हणजे फोटोग्राफरवर अन्याय. डॉक्युमेंट म्हणून मागवा. फेसबुकवर टाकणाऱ्याने लांब बाजू २०४८ पिक्सेल करून, एस-आरजीबी या बहुतेक स्क्रीनना चालणाऱ्या रंगपद्धतीत एक्स्पोर्ट करावं. अ‍ॅडोबी आरजीबी या दुसऱ्या रंगपद्धतीतला फोटो काही स्क्रीनवर मरगळलेला दिसतो आणि मग लोक ‘रंग वाढवा’ म्हणून मागे लागतात. रात्री मोबाइलचा ब्लू लाइट फिल्टर चालू ठेवून ‘व्हाइट बॅलन्स पिवळा आहे’ असं लिहिणारेही आहेत. आधी आपला फिल्टर बंद करा, ब्राइटनेस मध्यावर आणा, मग बोला.

रचनेवर बोलताना नियमाचं नाव घेऊन थांबणं मला अजिबात पटत नाही. ‘रूल ऑफ थर्ड्स पाळा’ (विषय मध्यात न ठेवता फ्रेमच्या एक तृतीयांश रेषेवर ठेवा) हा शेरा दीपमाळेच्या फोटोखालीही दिसतो आणि गाभाऱ्यातल्या मूर्तीखालीही. दोन्ही बाजू सारख्या असलेल्या विषयाला मध्यभागच शोभतो. नियम सुचवायचाच असेल तर त्याने काय साधेल ते सांगा: ‘मुलगी उजवीकडे बघतेय आणि उजवीकडे जागाच नाही, तिची नजर फ्रेमला धडकते, काढताना कॅमेरा जरा उजवीकडे वळवला असता तर श्वास मिळाला असता.’ तिरक्या क्षितिजाचंही तसंच. समुद्रावर एका अंशाचा कल डोळ्यांत खुपतो, पण डोंगराची धार मुळातच उतरती असते. तिथे बुरुज, खांब, दरवाजाची चौकट अशी उभी रेघ शोधा आणि ती बघून ठरवा. मंदिराचा कळस मागे कलंडल्यासारखा दिसत असेल तर तो वेगळाच दोष, कॅमेरा वर उचलल्यामुळे आलेला. मागे सरकून कॅमेरा सरळ धरायचा आणि खालची जादा जमीन नंतर कापायची. ते शक्य नसेल तर एडिटिंगमध्ये उभ्या रेषा सरळ करता येतात, मात्र त्यात कडा कापल्या जातात, म्हणून फोटो काढतानाच चहूबाजूंनी मोकळी जागा ठेवायची.

काय बोलावं ते सुचत नसेल तर नजर कुठून कुठे गेली तेवढंच लिहा. ‘आधी कोपऱ्यातली निळी प्लॅस्टिकची पिशवी दिसली, मग आजोबांचे हात.’ यासाठी कॅमेऱ्याचं ज्ञान लागत नाही, आणि फोटोग्राफरला स्वतःला हे कधीच दिसत नाही, कारण त्याला काय दिसायला हवं हे आधीच ठाऊक असतं. फोटो उलटा करून किंवा अंगठ्याच्या नखाएवढा लहान करूनही बघा. फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँ रचना जोखायला फोटो उलटा धरून बघत. चेहरा, भाव, भक्ती बाजूला पडते आणि फ्रेमचं वजन कुठे झुकलंय ते लख्ख दिसतं.

कौतुकालाही हाच न्याय लावा. ‘सुंदर’ म्हणून थांबू नका. ‘कडेला अंधार ठेवलात म्हणून हातातल्या पणतीचा उजेड टिकला’ असं लिहिलंत तर ते त्याने मुद्दाम केलं होतं की नकळत झालं, हे त्याचं त्याला कळतं आणि पुढच्या वेळी तो ते जाणूनबुजून करतो. मला तर वाटतं, कारणासकट केलेल्या कौतुकाने दोष दाखवण्यापेक्षा जास्त शिकायला मिळतं.

आता अभिप्राय मागणाऱ्यांशी. ‘कसा वाटतोय?’ असं विचारलं की ‘छान’ हेच उत्तर येणार. फोटोसोबत चार गोष्टी द्या: एक्झिफ, शक्य असेल तर न कापलेली मूळ फ्रेम, तुम्हाला काय दाखवायचं होतं ते एका वाक्यात, आणि एकच नेमका प्रश्न. ‘पार्श्वभूमी जास्त गजबजलीय का?’, ‘कृष्णधवल केल्याने गुलालाची मजा गेली का?’ अशा प्रश्नांना लोक मनापासून उत्तरं देतात. एका वेळी एक किंवा दोन फोटो, चाळीसचा अल्बम नको. आणि काढल्या काढल्या टाकू नका. त्या दिवसाची धूळ, टाळांचा आवाज, पायपीट सगळं मनात ताजं असतं आणि फोटोत नसलेलंही आपल्याला त्यात दिसत राहतं. आठवडाभर थांबलं की फोटो एकटा उभा राहतो की नाही ते समजतं.

अभिप्राय आल्यावर लगेच उत्तर देण्याचा मोह आवरा. ‘गर्दी होती’, ‘माझ्याकडे किट लेन्सच आहे’, ‘मागून धक्का बसला’ हे सगळं खरं असेल, पण बघणाऱ्यासमोर फक्त फ्रेम असते. सगळे सल्ले पाळायचे नसतातच. एक जण डावीकडून कापा म्हणेल, दुसरा खालून कापा म्हणेल. उपाय दोघांचे वेगळे, पण दोघांचीही नजर त्याच डाव्या-खालच्या कोपऱ्यात अडकली असेल तर दुखणं तिथेच आहे. उपाय तुमचा तुम्ही शोधा. मूळ फाइलची कॉपी करून दोन-तीन क्रॉप करून बघा आणि पटलेला जुन्याशेजारी ठेवून पुन्हा टाका. सांगणाऱ्यालाही आपल्या बोलण्याचा परिणाम दिसतो आणि पुढच्या वेळी तो अधिक जबाबदारीने बोलतो. पोस्ट मात्र डिलीट करू नका, त्यासोबत दहा जणांनी वेळ घालून लिहिलेलंही जातं.

दुसऱ्याचा फोटो न विचारता एडिट करून खाली चिकटवणं बंद व्हायला हवं. ‘एडिट करून दाखवू का?’ एवढं विचारायला काही लागत नाही. हो म्हटलं तर काय केलं तेही लिहा: हायलाइट्स (फोटोतले उजळ भाग) -४०, वरून इतकं कापलं, का कापलं. नुसता चकाचक फोटो परत दिला तर त्यातून त्याला काही मिळत नाही.

एका बाबतीत मात्र गोड शब्दांची गरज नाही. चंद्रभागेवर आंघोळ करणाऱ्या बायकांचे फोटो, घरट्यातल्या पिल्लांचे अगदी जवळून काढलेले फोटो, कासला फुलं तुडवून आत बसून घेतलेल्या फ्रेम. तिथे प्रकाश आणि रचनेवर बोलूच नये. ‘हा फोटो काढायला नको होता, कृपया काढून टाका’ एवढंच लिहावं. अशा फोटोला मिळालेलं एकेक ‘वा!’ पुढच्या दहा जणांना तिथे पाठवतं.

एकत्र बसून फोटो बघण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया १९३७ पासून आहे. स्पर्धा आणि सलॉनही (निवडक फोटोंची प्रदर्शनं) आहेत, पण तिथे बहुतेक वेळा गुण कळतात, कारण कळत नाही. म्हणून गावोगावच्या छोट्या ग्रुपनी महिन्यातून एकदा प्रत्यक्ष बसावं असं मला मनापासून वाटतं. आठ जण, प्रत्येकी दोन फोटो, फोटोमागे पाच मिनिटं: ऐंशी मिनिटांत आटोपतं. पहिलं एक मिनिट कुणीच बोलायचं नाही, फक्त बघायचं. पुढची दोन मिनिटं बाकीच्यांनी काय दिसलं ते सांगायचं, फोटो काढणाऱ्याने गप्प राहायचं. चौथ्या मिनिटाला त्याने आपला हेतू सांगायचा. शेवटच्या मिनिटात जास्तीत जास्त दोन उपाय, एक फोटो काढतानाचा आणि एक एडिटिंगमधला. जमलं तर ६ बाय ८ इंची प्रिंट आणा, म्हणजे कुणाच्या स्क्रीनचा रंग खरा हा वाद उरत नाही. ग्रुपचे अ‍ॅडमिन ऑनलाइनही एवढं करू शकतात: आठवड्यातला एक वार फक्त अभिप्रायासाठी ठेवायचा, आणि स्वतःचा फोटो टाकण्याआधी दुसऱ्या दोघांच्या फोटोवर किमान तीन ओळी लिहायच्या. त्या तीन ओळींत ‘छान’ धरायचं नाही.