काठ प्लॉटसोबत विकत मिळत नाही

येत्या रविवारी आमच्या प्लॉटधारक संघाची सर्वसाधारण सभा आहे. बेळगाव जिल्ह्यात घटप्रभा नदीवरच्या हिडकल धरणाच्या जलाशयाकाठी आमची वसाहत आहे. 42 प्लॉट, त्यातली 29 घरं बांधून झालेली. बेळगाव, संकेश्वर, गडहिंग्लजकडची माणसं, बहुतेक शनिवार-रविवारी येणारी. सभेपुढं तीन ठराव आहेत. काठाकडं उतरणाऱ्या वाटेवर फाटक बसवून कुलूप लावायचं. होड्या बांधायच्या आठ जागा पहिल्या रांगेतल्या आठ प्लॉटना कायमच्या द्यायच्या, म्हणजे प्लॉट विकला की जागाही नव्या मालकाकडं जाईल. आणि मासेमारी करणाऱ्यांना आमच्या बाजूला तेप्पे, म्हणजे त्यांचे तराफे, लावायला बंदी करायची. 2018 ते 2024 अशी सहा वर्षं काठाची आणि होड्यांची जबाबदारी माझ्याकडं होती. मी तिन्ही ठरावांच्या विरोधात मत देणार आहे. का, ते सभेतल्या दोन मिनिटांत सांगून होणार नाही, म्हणून इथं लिहितोय. लांबलंय, पण आमच्या सभासदांनी तरी शेवटपर्यंत वाचावं.

आधी जमिनीचं बोलू. धरण झालं तेव्हा पूर्ण पातळीच्या, म्हणजे 2175 फुटांच्या आतली सगळी जमीन सरकारनं संपादित केली. चंदगडच्या डोंगरात पाऊस लागला की घटप्रभेतून पाणी येत राहतं आणि ऑगस्ट-सप्टेंबरात ते आमच्या कुंपणाला येऊन टेकतं. प्लॉट दाखवायला एजंट लोकांना त्याच दिवसांत आणतात. समोर भरलेलं पाणी बघून वाटतं, आपल्या अंगणातच आलंय की हे. पण पुढं कालव्यांना पाणी सुटतं. बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांतली केवढी तरी शेती त्यावर भिजते, बेळगाव शहरालाही प्यायला इथलं पाणी जातं. मे उजाडेपर्यंत पाणी कित्येक पुरुष खाली गेलेलं असतं आणि काठ फर्लांगभर लांब. मधे उघडी पडलेली जमीन सरकारची. गावातली माणसं तिच्यात गाळपेर करतात, धनगर मेंढरं उतरवतात. आमच्या कुणाच्याही उताऱ्यावर त्यातला एक गुंठा नाही. परवा मी माझं खरेदीखत काढून पुन्हा वाचलं. चतुःसीमेत लिहिलंय, पूर्वेस जलाशयाची हद्द. जिथं हद्द लिहिलीय तिथं आपलं संपतं.

आपला संघ 1960 च्या कर्नाटक संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेला आहे. सभासदांनी कसं वागायचं याचे नियम आपण करू शकतो. जे आपलं नाही ते वाटून घ्यायचा ठराव मात्र 42 विरुद्ध 0 मतांनी झाला तरी त्याला अर्थ नाही. नदी, तलाव, काठ यांचं सरकार हे विश्वस्त आहे, ते जनतेसाठी सांभाळायचे आहेत, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 1996 मध्ये सांगितलंय. बियास नदीच्या काठावर एका रिसॉर्टनं नदीचा प्रवाह वळवायचा घाट घातला होता, त्या खटल्यात. खुद्द सरकारलाही असा काठ खासगी माणसाच्या नावे करून देता येत नाही, तर आठ प्लॉटवाल्यांना तो आपण कुठल्या अधिकारात देणार?

आता होड्यांच्या जागांचं. याच्यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण ठराव लिहिणाऱ्यांनी या जागा म्हणजे गाडीच्या पार्किंगसारखे चौकोन समजलेत. एकदा पट्टे मारले, नंबर घातले, झालं. पाण्यावर असं होत नाही.

आम्ही त्याला दावण म्हणतो. तळाला सिमेंटचा ठोकळा, त्याला साखळी, साखळीला दोर, दोराला तरंगणारा डबा आणि त्याला होडी. होडी या खुंट्याभोवती वाऱ्याप्रमाणं फिरत राहते, चरायला बांधलेल्या म्हशीसारखी. 40 फुटांचा दोर असेल आणि ठोकळ्यावर 25 फूट पाणी असेल तर होडीचं टोक जास्तीत जास्त 31 फुटांवर जातं. त्यात होडीची स्वतःची 12 फूट लांबी धरली की ठोकळ्यापासून फेरा 43 फुटांचा. तोच ठोकळा, तोच दोर, पण पाणी 10 फुटांवर आलं की फेरा जवळपास 51 फुटांचा होतो. म्हणजे पाणी उतरलं की होडी जास्त लांब फिरते. दोन ठोकळ्यांत आम्ही 90 फूट ठेवले होते. नोव्हेंबरात ते पुरेसे होते. पुढं त्याच दोन होड्या एकमेकींवर आपटायला लागल्या आणि दोन घरांत भांडण लागलं की तुझी होडी माझ्या जागेत येते. जागा कुणाचीच हलली नव्हती, पाणी हललं होतं.

आणि याच हिशेबाच्या चुकीनं एका मुलाला लागलं. पोहायच्या भागाला आम्ही डब्यांची दोरी लावलीय, ती शेवटच्या ठोकळ्यापासून 45 फुटांवर होती. पाणी उतरल्यावर होडी वाऱ्यानं दोरी ओलांडून आत आली आणि नऊ वर्षांच्या पोराच्या खांद्याला लागली. चार टाके पडले. डोक्याला लागलं असतं तर काय झालं असतं याचा विचार करून मला अजून झोपेतून जाग येते. त्या वर्षी ठोकळे वेळेत पुढं सरकवायचं काम माझं होतं, आणि मी दोन आठवडे उशीर केला होता.

तेव्हापासून आम्ही दावण वर्षातून तीनदा हलवतो. पावसाळी, हिवाळी आणि उन्हाळी. दरवेळी ठोकळे पुढं-मागं न्यायचे, अंतर मोजायचं, साखळीच्या झिजलेल्या कड्या बदलायच्या. दरवेळी कुणाची जागा कुठं येईल हे बदलतं. मग कायमची जागा द्यायची म्हणजे नक्की काय द्यायचं? तिथं जूनमध्ये भेगाळलेली जमीन असते, ऑक्टोबरात कित्येक फूट पाणी.

2019 चा ऑगस्ट तर सगळ्यांनाच आठवत असेल. घटप्रभेला महापूर आला, खाली गोकाकात घरांत पाणी शिरलं. आमच्याकडं एका रात्रीत पातळी चढली. दोर जेवढ्यास तेवढे बांधलेले. आम्हाला वाटायचं 100 किलोचा ठोकळा कुठं हलतोय! पण सिमेंटचा 100 किलोचा ठोकळा पाण्यात साधारण 58 किलोच भरतो. पाणी वर आलं, होड्यांनी ठोकळेच उचलले आणि वाऱ्यासोबत घेऊन गेल्या. सकाळी दावण जवळजवळ रिकामी. अकरापैकी सात होड्या बेपत्ता.

त्या सातपैकी सहा परत आणल्या त्या मासेमारी करणाऱ्या तिघा जणांनी. ज्यांना आता बंदी करायचा ठराव आहे, तेच. भर पावसात, त्यांचे स्वतःचे तेप्पे घेऊन, काटेरी झुडपांत अडकलेल्या होड्या सोडवून ओढत आणल्या. त्यातले थोरले, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो, घरी कन्नड बोलणारे, आमच्याशी आपल्या मराठीत. मी पैसे पुढं केले तर म्हणाले, "काका, पैसे ठेवा तुमचे. पण दोर लांब सोडत जावा. आवळून बांधली की होडी तुटतीच, न्हाई तर खुंटा घिऊन जाती." फेऱ्याचं आणि दोराचं जे गणित मी वर मांडलं, ते मी पुढं कागदावर केलं. त्यांनी ते त्या दिवशी एका वाक्यात सांगितलं होतं.

मागच्या महिन्यात संघाच्या कुणीतरी मामांना जाऊन सांगितलं की आता इकडं तेप्पा लावायचा नाही. मामांनी मला फोन केला. रागावले नव्हते. एवढंच विचारलं, "नीरु यारद्री, काका?" पाणी कुणाचं? मला उत्तर देता आलं नाही, आणि त्याची मला फार लाज वाटली.

फाटक मागणाऱ्यांची बाजू मी नाकारत नाही. दोन वर्षांत बाहेरून मोटारी भरून माणसं येतात, दारूच्या बाटल्या फोडतात, पत्रावळ्या टाकून जातात. एका आजींच्या पायात काच गेली, ती काढायला मीच त्यांना संकेश्वरच्या दवाखान्यात घेऊन गेलो. उद्या कुणी बुडालं तर जबाबदार कोण, ही भीती खरी आहे. 18 जानेवारी 2024 ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटली. 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका गेल्या. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसवली होती, सगळ्यांना लाइफ जॅकेट नव्हती. ती बातमी वाचली त्या रात्री मी आमच्या शेडमधली जॅकेटं मोजली. 11 होड्यांना 19 जॅकेटं, त्यातल्या पाचांचे पट्टे कुजलेले. म्हणजे बाहेरचे येऊन आपल्याला बुडवतील याच्या आधी आपलं आपल्यालाच बघायला हवं होतं. जॅकेट नाही तर होडी सुटणार नाही, हा नियम तेव्हा मी केला आणि त्यावरून सर्वात जास्त शिव्या खाल्ल्या त्या पहिल्या रांगेकडून.

इंजिनाच्या होडीचंही तसंच. 1917 चा जुना कायदा जाऊन 2021 चा अंतर्देशीय जहाज कायदा आलाय, त्यात इंजिन असलेल्या होडीला नोंदणी, तपासणी, विमा लागतो. आमच्या दावणीला अशी एक होडी आहे आणि तिचे कागद मी सहा वर्षं मागतोय. हे पाणी लोक पितात. त्यात पेट्रोलचा तवंग बघितला की पोटात कालवतं. फाटकाला कुलूप घातल्यानं तो तवंग थांबणार आहे का?

वाळूचाही विषय आहे, पण तो थोडक्यात. समुद्रासारखा काठ हवा म्हणून संघानं एका उन्हाळ्यात बारा ट्रक वाळू ओतली. 42 प्लॉटांच्या वर्गणीतून. पहिल्या पावसाळ्यात ती सगळी पाण्याखाली गेली, आणि पाणी उतरल्यावर वर पुन्हा आपला चिखलच. आता परत ओतायचं चाललंय. नका ओतू. त्या पैशात जॅकेटं घ्या, साखळ्या घ्या.

वर्गणीवरून आठवलं. प्रत्येक प्लॉट वर्षाला सारखेच 6000 रुपये भरतो. मागच्या रांगेतल्या शिक्षिकाबाई आणि पुढच्या रांगेतले कंत्राटदार, दोघंही तेवढेच. ठोकळे, साखळ्या, राखणदार सगळं त्यातूनच चालतं. आठ जागा पुढच्या आठांना कायम दिल्या तर उरलेले 34 प्लॉटवाले दुसऱ्याच्या होडीची साखळी जन्मभर पोसणार. आणि कागदावर जागा लिहून मिळाली की प्लॉटचा भाव वाढणार, ठरावाचं खरं कारण हेच आहे असं मला वाटतं. हे तोंडावर बोलायला अवघड जातं, कारण त्यातले दोघं माझे जुने मित्र आहेत.

माझं म्हणणं असं. दरवर्षी गणपतीनंतर, पाणी भरलेलं असताना, सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाका. ज्याच्याकडं होडी आहे आणि जॅकेटं आहेत त्याचंच नाव डब्यात. जागा एका वर्षाची. दोन महिने होडी हललीच नाही तर जागा पुढच्या नावाला. वाट बघणाऱ्यांची यादी शेडच्या फळ्यावर खडूनं, सगळ्यांना दिसेल अशी. दावण हलवायच्या तीन दिवसांना प्रत्येक होडीवाल्यानं स्वतः हजर राहायचं, गडी पाठवून चालणार नाही, कारण दोराला हात लागल्याशिवाय पाणी कळत नाही. वरच्या टोकाची जागा तेप्प्यांना सोडा, तिथं आपल्या आधीपासून ते लागतात. आणि मामांना वर्षातले ते तीन दिवस रीतसर मजुरी देऊन बोलवा. फाटकाच्या पैशातून रात्रीचा एक राखणदार आणि दोन दिवे होतात. गाड्या वरच अडवा, माणसांना चालत जाऊ द्या. बाटल्या गाडीतून येतात, कळशी घेऊन चालत येणाऱ्या बाईकडून नाही.

एक गोष्ट मी आजवर संघात कधी बोललो नव्हतो. माझ्या आईचं माहेर या पाण्याखाली आहे. धरणात गेलेल्या गावांपैकी एक. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की हुन्नूरचं विठ्ठल मंदिर जसं वर येतं आणि लोक दर्शनाला धावतात, तसं आमच्या बाजूला आईच्या गावाचे दोन-चार चौथरे आणि एका विहिरीचं कडं वर येतं. आईला आता 83 वर्षं झाली. गेल्या मे महिन्यात मी तिला खुर्चीत बसवून दोघा पोरांच्या मदतीनं खाली नेलं. तिनं चौथऱ्यावर हात फिरवला, म्हणाली, "इथं चूल होती बघ." मग बराच वेळ बसून राहिली. तिच्यासारख्या आणखी सहा-सात म्हाताऱ्या बायका त्या दिवशी आजूबाजूच्या गावांतून आल्या होत्या. कुणी नारळ आणला होता, कुणी नातवाला.

त्या सगळ्याजणी ज्या वाटेनं खाली उतरल्या, फाटक त्याच वाटेवर बसणार आहे. सभा रविवारी सकाळी अकराला, शेडमध्ये. मी दावणीची वही आणि ती झिजलेली साखळी दोन्ही घेऊन येतोय. मामांनाही या म्हणून सांगितलंय.