रात्री दहानंतरचा स्क्विड

हॉस्टेलचं इंटरनेट रांगायला लागलं की आमच्या कॉलेजात निदान ठरलेलं असतं: ‘सर, कॅशे भरली असेल. क्लिअर करा ना!’ पोरांचं सोडा, प्राचार्यांचंही तेच म्हणणं. मी आपला रात्री दहाला सर्व्हर रूममध्ये कुडकुडत स्क्विडचा, म्हणजे पोरं आणि इंटरनेटच्या मधे बसून पानं आणून देणाऱ्या आणि आणलेली कॅशेत साठवणाऱ्या प्रॉक्सीचा, लॉग वाचतो. त्यात कॅशेबद्दल चकार शब्द नसतो. फाइल डिस्क्रिप्टर संपत आलेत, असा टाहो मात्र असतो.

डिस्क्रिप्टर म्हणजे काय, हे प्राचार्यांना सांगून बघा एकदा. पोराने पान उघडलं की स्क्विडला एक कनेक्शन पोराकडचं सांभाळायचं, दुसरं बाहेरच्या सर्व्हरकडचं, डिस्कवरची फाइल निराळी. प्रत्येकाला एक डिस्क्रिप्टर, म्हणजे उघड्या फाइलीचा किंवा कनेक्शनचा टोकन नंबर. आणि लिनक्स एका प्रोसेसला सहसा देणार १०२४. एवढ्यात अख्खं हॉस्टेल बसवायचं!

“अहो, मग वाढवा की!”

वाढवतो ना. जो तो सल्ला देतो, लिमिट्स डॉट कॉन्फ या मर्यादांच्या फाइलीत ६५,५३५ लिहा. लिहा, रीस्टार्ट करा, बघा: १०२४. कारण स्क्विडला हल्ली सिस्टिमडी, म्हणजे लिनक्सवर सगळ्या सेवा सुरू करणारा कारभारी, उठवतो, आणि सिस्टिमडी त्या फाइलीला विचारत नाही. त्याच्यासाठी स्क्विडच्या युनिट फाइलमध्ये (सेवा कशी चालवायची ते सांगणारी फाइल) ‘लिमिट-नो-फाइल’ वेगळं लिहायचं. बरं, डिस्क्रिप्टर मिळाले तरी बंद झालेलं कनेक्शन टाइम-वेट या निरोपाच्या अवस्थेत ६० सेकंद पोर्ट अडवून बसतं. निघते निघते म्हणत उंबऱ्यात तासभर बोलणाऱ्या मावशीसारखं.

प्राचार्यांचा उपाय तयार असतो. “कॅशेला ५०० जीबीची डिस्क देऊन टाकू!” द्या. ६४ बिटच्या स्क्विडला दर जीबी कॅशेमागे साधारण १४ एमबी रॅम नुसत्या अनुक्रमणिकेला लागते. म्हणजे सात जीबी. आमच्या सर्व्हरची एकूण रॅम आठ.

आणि ठेवायचं काय त्या डिस्कवर? स्क्विड जन्मला १९९६ साली, तेव्हा पानं उघडीवाघडी यायची. आता जवळपास सगळं एचटीटीपीएस, म्हणजे कुलूपबंद. ब्राउझर ‘कनेक्ट’ म्हणतो, स्क्विड बिचारा बंद लखोटा इकडून तिकडे पोचवतो. आत व्हिडिओ आहे की असाइनमेंट, त्याला पत्ता नाही. (असाइनमेंट नसते, हे मला लॉग न वाचताही कळतं.)

तरीही रोज थोडे हिट, म्हणजे थेट कॅशेतून भागलेल्या मागण्या, दिसतात. ते लॅबमधल्या उबंटू लिनक्सच्या अपडेटचे. त्या अजून साध्या एचटीटीपीवरून येतात, म्हणून कॅशेत राहतात आणि झटक्यात मिळतात. अख्ख्या कॉलेजात माझ्या कॅशेचा फायदा झालेलं गिऱ्हाईक तेवढंच, आणि त्याची कधीच तक्रार नव्हती.