घरून काम करणाऱ्या गृहस्थास हिताच्या चार गोष्टी

भारतातील पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघाली आणि ठाण्याला येऊन थांबली. पुढे ठाणेकरांच्या कित्येक पिढ्यांनी तेच ३४ किलोमीटर उलट दिशेने, दारात लोंबकळत कापण्यात आपली उमेद खर्च केली. मार्च २०२० मधील टाळेबंदीने हा क्रम मोडला. टाळेबंदी यथावकाश उठली, तरी काही भाग्यवंतांचे ऑफिस त्यांच्या बेडरूममध्येच राहून गेले. घोडबंदर रस्त्यावरील एखाद्या टॉवरमध्ये, दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये, पत्नी, मुले आणि आई यांच्यासमवेत राहणारे आपण असेच एक गृहस्थ असाल, तर कुटुंब, व्यायाम आणि दिनक्रम यांचा समतोल कसा राखावा या चिंतेने आपल्याला ग्रासले असणार. चिंतेचे कारण नाही. समतोल राखला जातच आहे. तो कोण राखत आहे याची चौकशी न करणे एवढेच आपल्या हाती आहे, आणि पुढील सूचना त्याच कामी याव्यात.

सर्वप्रथम वाचलेल्या वेळाची विल्हेवाट लावावी. कासारवडवलीहून निघून मानपाडा, कापूरबावडी, माजिवडा असे टप्पे मेट्रोच्या खांबांच्या साक्षीने पार करत स्टेशन गाठायचे, तेथून लोकल आणि पुढे पुन्हा रिक्षा किंवा बस, या व्यवहारात जाऊन-येऊन रोजचे तीन तास सहज जात. हे तीन तास आपण विसरला असाल, पण घरचे विसरलेले नाहीत, आणि त्यांचा हिशेब कधीही मागितला जाऊ शकतो. यास्तव सकाळचा अर्धा वाटा झोपेच्या खात्यात आणि संध्याकाळचा अर्धा ऑफिसच्या खात्यात तत्काळ जमा करून टाकावा. पूर्वी एखादी ठरलेली लोकल पकडायची असल्यामुळे मनुष्य साहेबासमोरूनही धीटपणे उठत असे, आणि साहेबालाही तीच किंवा तिच्या मागची लोकल पकडायची असल्याने तो समजून घेत असे. आता हॉलमध्ये जाण्यासाठी कोणतीच गाडी पकडायची नसल्यामुळे उठण्याला सबळ कारण उरलेले नाही. मध्य रेल्वेच्या वेळापत्रकाने कामगार चळवळीच्या बरोबरीने आपल्या कामाच्या तासांचे रक्षण केले होते, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही. आता ते आले तरी उघड बोलू नये, कारण ‘एक शेवटचा कॉल आहे’ हे वाक्य रात्री पावणेनऊ वाजता, नेमकी पाने वाढायच्या वेळी, फार उपयोगी पडते.

त्यानंतर जागेचा प्रश्न येतो. घरात दार बंद होईल, पंखा नीट चालेल आणि वायफाय पोहोचेल अशी खोली बहुधा एकच असते. पत्नीही एखाद्या बँकेचे किंवा विमा कंपनीचे काम घरूनच करत असेल, तर त्या खोलीवर हक्क कोणाचा, हा प्रश्न सभ्य घरांत चर्चेला येत नाही. ज्याचा आवाज मीटिंगमध्ये अधिक चढतो त्याच्या वाट्याला ती आपोआप येते. म्हणून पहिल्या आठवड्यातच काही मीटिंग पुरेशा मोठ्याने पार पाडाव्यात. पत्नीला डायनिंग टेबल द्यावे. तेथे बसून तिला कुकरच्या शिट्या मोजता येतात, मुलाच्या प्रकल्पासाठी कार्डबोर्ड कापता येतो, मटार सोलणाऱ्या सासूबाईंना सोबत होते आणि त्यातूनच तिला आपल्या वरिष्ठांशी बोलतासुद्धा येते. एवढी सोय बंद खोलीत कुठून असणार? आपण मात्र हातांचे कोपर काटकोनात राहतील आणि पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येईल अशी खुर्ची विकत घ्यावी. डायनिंग टेबलाची खुर्ची कोणत्या रेषेत येते, हे मोजण्याच्या भरीस पडू नये.

आईंच्या संदर्भात विशेष काळजी घ्यावी लागते. दुपारची मालिका आवाज बंद करून पाहण्याची सवय त्यांना थोड्याच दिवसांत होते आणि पात्रांच्या ओठांवरून संवाद ओळखण्यात त्या तरबेज होतात. वाढत्या वयात बुद्धीला असा व्यायाम मिळवून दिल्याचे श्रेय आपण निःसंकोच घ्यावे.

आता आपल्या व्यायामाकडे वळू, कारण हा विषय अधिक गंभीर आहे. सर्वसामान्य प्रौढ माणसाने आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाची शारीरिक हालचाल करावी आणि किमान २ दिवस स्नायूंना ताण देणारे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले. नेमक्या त्याच वर्षी आपण घरी बसलो. या योगायोगाने खचून न जाता प्रथम मनगटावर बांधायचे स्मार्ट घड्याळ खरेदी करावे. ते रोज १०,००० पावलांचे लक्ष्य देते. हा आकडा वैद्यकशास्त्राच्या कोणत्याही खलातून घोटून निघालेला नसून, टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ साली एका जपानी कंपनीने विक्रीस आणलेल्या पावले मोजण्याच्या यंत्रामुळे तो रूढ झाला, हे ठाऊक असल्यास उत्तमच. ज्या दिवशी पावले कमी पडतील त्या दिवशी ही माहिती जेवताना सर्वांना सांगावी. ज्या दिवशी पुरी होतील त्या दिवशी सांगण्याची गरज नाही.

पावले टाकण्यासाठी ठाण्यासारखे शहर नाही. उपवन तलावापासून येऊरचा चढ सुरू होतो, आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या त्या हिरव्यागार अंगावरून सकाळी चालून येणारी माणसे दिवसभर इतरांकडे किंचित करुणेने पाहतात. आपणही महिन्यातून एखाद्या रविवारी तेथे जावे आणि उरलेल्या रविवारी त्याविषयी बोलावे. ज्यांना चढ झेपत नाही त्यांनी तलावपाळीला मासुंदा तलावाभोवती एक फेरी मारावी. तेथून मामलेदार कचेरीशेजारची मिसळ फारशी दूर नसल्यामुळे फेरी अपुरी राहत नाही. या मोहिमेवर कुटुंबाला नेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. पत्नी सोबत असली की वाटेत भाजी घेतली जाते, पिशव्या हाती येतात आणि घड्याळ पावलांचा वेग कमी झाल्याची तक्रार करू लागते.

येथे वाचकांना एक धोक्याची सूचना देणे आवश्यक आहे. वर ज्या जागतिक आरोग्य संघटनेचा आपण आदराने उल्लेख केला, तिच्याच शिफारशींत एक घातक वाक्य दडलेले आहे. शारीरिक हालचाल ही फावल्या वेळात, प्रवासात किंवा नोकरीतच नव्हे, तर घरकामातूनही होऊ शकते, असे ती संघटना म्हणते. भरीला, पूर्वी हालचाल सलग १० मिनिटे तरी असावी अशी जी अट होती, तीही २०२० साली काढून टाकण्यात आली. याचा अर्थ उकिडवे बसून हॉलची फरशी पुसणे, गाद्या उन्हात टाकणे, बादलीभर ओले कपडे गच्चीपर्यंत नेऊन पिळून वाळत घालणे, माळ्यावरचे डबे उतरवणे, हे सारे व्यायामात मोडते. ज्या बैठका मारायला शिकवण्यासाठी जिमचा प्रशिक्षक महिन्याला काही हजार रुपये घेतो, त्याच बैठका सोफ्याखालचा केर काढताना फुकट पडतात. कुटुंब आणि व्यायाम या दोन तागड्यांत एकच वजन टाकून काटा सरळ करता येतो, ही गोष्ट घरात फुटली तर आपली खैर नाही. तेव्हा ते शिफारशींचे पान मोबाइलवर उघडे ठेवून आंघोळीला जाऊ नये.

सुदैवाने या बाबतीत देशातील पुरुषवर्गाने चांगली शिस्त पाळली आहे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी मंत्रालयाने २०१९ साली केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या आणि पुरुष ९७ मिनिटे. मधल्या काळात टाळेबंदी येऊन गेली, लाखो पुरुष आयुष्यात प्रथमच भरदिवसा आपल्या स्वयंपाकघराच्या हाकेच्या अंतरावर आले, आणि आता हा आकडा वाढणार अशी भीती जाणत्यांना वाटू लागली. प्रत्यक्षात २०२४ च्या सर्वेक्षणात तो ८८ मिनिटांवर उतरलेला आढळला. ही सरासरीसुद्धा केवळ त्या पुरुषांची आहे ज्यांनी घरकामाला हात लावला, आणि त्यांचे प्रमाण शंभरात सत्तावीसच्या आसपास होते. उरलेले बहुधा मीटिंगमध्ये असावेत. स्त्रियांचा आकडाही २८९ पर्यंत खाली आला, तेव्हा घरोघरी दहा मिनिटांची विश्रांती पोहोचली असे समजून आपण निर्धास्त व्हावे.

घरकामाचे हे लोण आपल्यापर्यंत येण्याचा सर्वांत मोठा धोका दारावरच्या घंटीतून संभवतो. सकाळपासून कचरा नेणारा, इस्त्रीवाला, कुरिअर, गॅसचा सिलिंडर आणि सोसायटीच्या पाण्याच्या टाकीसंबंधी सूचना घेऊन आलेला वॉचमन अशी रीघ लागते. घंटी वाजताच उठून दार उघडल्यास आपण घरी आहोत हे सिद्ध होते, आणि एकदा ते सिद्ध झाले की ओला व सुका कचरा वेगळा करणे, सिलिंडरचे सील तपासणे अशी कामे क्रमाने मागे लागतात. म्हणून कानांवर बाहेरचा आवाज थोपवणारा मोठा हेडफोन सतत असावा. मीटिंग नसली तरी तो असावा. किंबहुना मीटिंग नसतानाच त्याची खरी गरज असते.

कामाच्या मावशी अकराच्या सुमारास आपल्या खोलीशी येतात आणि ‘दादा, पाय वर घ्या’ असे सांगतात. दोन्ही पाय एकदम उचलून केर काढून होईपर्यंत अधांतरी धरल्यास पोटाच्या स्नायूंना ताण बसतो आणि आठवड्यातून २ दिवसांची स्नायूंची अट भागते, म्हणून या प्रसंगी खुर्चीतून उठू नये. मावशी डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीतून चालत येतात, आपल्या टॉवरमधल्या बऱ्याच घरांचे केर काढतात आणि तशाच चालत परत जातात. त्यांच्या मनगटावर घड्याळ नसल्यामुळे या पावलांची नोंद कुठेच होत नाही, आणि पावसाळ्यात येऊरला गेलेल्या आपल्या छायाचित्राखाली त्या अभिप्रायही लिहीत नाहीत.

दिनक्रमाविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही. एक रंगीत तक्ता तयार करून फ्रिजवर लावला की बरेचसे काम होते. त्यात ब्राह्ममुहूर्ताचा, म्हणजे सूर्योदयाच्या १ तास ३६ मिनिटे आधीपासूनचा, उल्लेख असावा, सूर्यनमस्कार असावेत आणि २५ मिनिटे काम व ५ मिनिटे विश्रांती ही इटालियन पद्धत असावी. डोळ्यांसाठी दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांवरच्या वस्तूकडे पाहावे असे सांगतात. मात्र आपल्या खोलीत २० फुटांवर काहीच नसल्याने नजर खिडकीतून शेजारच्या टॉवरमधील स्वयंपाकघरात जाते, आणि डोळ्यांचे आरोग्य सुधारत असताना सोसायटीतील प्रतिष्ठा घसरू लागते. शाळेची बस, डबे, आईंच्या गोळ्या आणि पाणी बंद असेल त्याच्या आदल्या रात्री पिंपे भरून ठेवणे या गोष्टी तक्त्यात लिहू नयेत. त्या तक्त्यावाचून होतच आहेत.

मुलांच्या बाबतीत बाप दिवसभर घरात असणे हेच मोठे भाग्य मानावे. पूर्वी तो रात्री आठला येत असे आणि आल्यावर दिसत असे. आता तो सतत असतो, पण दाराआड असतो. मुलेही लवकर तयार होतात. काहीही बोलण्याआधी ‘कॅमेरा चालू आहे का?’ असे ओठांनीच विचारण्याची रीत ती शाळेतले पाढे शिकण्याआधी आत्मसात करतात. या शिष्टाचाराचे पाहुण्यांसमोर कौतुक करावे.

हे सर्व सुरळीत चालू असताना एके दिवशी ऑफिसचे पत्र येईल आणि आठवड्यातून तीन दिवस प्रत्यक्ष हजर राहण्याचा आदेश मिळेल. अशा वेळी डगमगू नये. घरून काम केल्याने कौटुंबिक जीवन कसे समृद्ध झाले, वृद्ध आईची देखभाल कशी शक्य झाली, पत्नीला किती आधार मिळाला, याचे सविस्तर निवेदन तयार करून वरिष्ठांना पाठवावे. निवेदनाखाली आपल्यासारख्याच परिस्थितीतील जितक्या सहकाऱ्यांच्या सह्या मिळतील तितक्या घ्याव्यात. घरातल्या कोणाचीही सही त्यावर असण्याची आवश्यकता नाही, आणि ती मागण्यासाठी तो कागद डायनिंग टेबलाकडे घेऊन जाऊ नये.