‘वही लिहा, गोळ्या सोडा’ : मावशीच्या फोनवर आलेल्या मेसेजला उत्तर

गेल्या मंगळवारी सहकारनगरला मावशीकडे गेले, तर ती भिंतीला धरत धरत दार उघडायला आली. चेहरा पार उतरलेला. विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं, मनातला कचरा बाहेर पडतोय." तिच्या गोळ्या बंद होऊन त्या दिवशी नऊ दिवस झाले होते. काका गेल्यावर नैराश्यासाठी सुरू झालेल्या, चौदा महिने नेमाने घेतलेल्या गोळ्या. डॉक्टरांना तिने विचारलंही नव्हतं. तळजाईला फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज आला आणि तिने डबी कपाटात ठेवून दिली.

तोच मेसेज संध्याकाळपर्यंत मला आणखी दोन ग्रुपवर दिसला, म्हणून हे लिहायला बसले. त्यात थोडक्यात असं आहे: रोज पहाटे तीन पानं लिहा, २१ दिवसांत नैराश्य मुळापासून जातं आणि गोळ्यांची गरज उरत नाही. सुरुवातीला चक्कर, रडू, झोप उडणं असा त्रास होईल, ते शुद्धीकरण समजा. वाईट काही लिहू नका, कोळसा उगाळावा तितका काळाच. हातानेच लिहा, निळ्या शाईने. लिहिलेलं रोज घरच्यांना वाचून दाखवा. आणि शेवटी, हे सगळं अमेरिकेतल्या प्राध्यापकांनी १९८६ साली सिद्ध केलेलं आहे.

शुद्धीकरणापासून सुरुवात करते, कारण या एका वाक्याने माणूस जायबंदी होऊ शकतो. नैराश्यावरच्या बहुतेक गोळ्या मेंदूतल्या सेरोटोनिनसारख्या रसायनांवर काम करतात. महिनोन्‌महिने घेतल्यावर शरीर त्यांच्याशी जुळवून घेतं. त्या एकदम थांबवल्या की गरगरतं, मळमळतं, झोप उडते, चिडचिड होते, डोक्यात विजेचा बारीकसा झटका बसल्यासारखं वाटतं. औषध अचानक सोडल्याचे हे परिणाम आहेत आणि मानसोपचारतज्ज्ञांना ते चांगले माहीत आहेत. म्हणूनच डॉक्टर डोस पायरीपायरीने उतरवतात. त्याला काही आठवडे लागतात, कधी महिनेही. बरं वाटायला लागल्यावरसुद्धा किमान सहा महिने गोळी चालू ठेवायला सांगतात, कारण घाईने सोडली तर आजार उलटायची शक्यता वाढते.

मेसेज लिहिणाऱ्याने नेमकी हीच लक्षणं आधी सांगून ठेवली आणि त्यांना छानसं नाव दिलं. त्यामुळे मावशीला चक्कर आली तेव्हा तिने कुणालाच फोन केला नाही. उपाय लागू पडतोय असं समजून आणखी दोन पानं लिहिली. तिच्या इमारतीला लिफ्ट नाही. जिन्यात तोल गेला असता तर? साठी उलटलेल्या बाईचं खुब्याचं हाड मोडलं की पुढे काय काय होतं, हे त्या ग्रुपातल्या प्रत्येकाने कुणाच्या ना कुणाच्या घरी पाहिलेलं आहे. तरी मेसेज पुढे गेला, हात जोडलेल्या चित्रासकट.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. गोळ्या सोडताना असा त्रास होऊ शकतो, हे मावशीला चौदा महिन्यांत कुणीही नीट समजावून सांगितलं नव्हतं. पाच मिनिटांत तपासणी, पुढची तारीख, संपलं. मग माणूस उत्तरं फोनमध्ये शोधतो. ‘सवय लागते’ ही तिची भीतीही तिथूनच आलेली. सोडताना त्रास होतो म्हणजे दारूसारखं व्यसन लागलं असा अर्थ नाही. डोस वाढवत न्यायची ओढ या गोळ्यांमुळे लागत नाही. एवढं जरी कुणी तिला सांगितलं असतं!

आता १९८६. तो प्रयोग खरा आहे, पण मेसेज लिहिणाऱ्याने तो वाचलेला नाही. मी वाचला. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकी मानसशास्त्र-संशोधकांनी ४६ कॉलेज विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहायला बसवलं. काहींना किरकोळ विषय दिले, बाकीच्यांना आपल्या आयुष्यातल्या अतिशय क्लेशकारक प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं. ज्यांनी काय घडलं आणि त्या वेळी काय वाटलं हे दोन्ही लिहिलं, ते पुढच्या सहा महिन्यांत विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात इतरांपेक्षा कमी वेळा गेले. बस, एवढंच. ही मुलं नैराश्याचे रुग्ण म्हणून निवडलेली नव्हती. कुणालाही औषध सोडायला सांगितलेलं नव्हतं. पहाट नाही, तीन पानं नाहीत, २१ दिवस नाहीत. उलट क्लेशकारक प्रसंग लिहिणाऱ्यांना लिहून झाल्या झाल्या जास्त उदास वाटलं आणि रक्तदाबही वाढलेला दिसला. पुढे २००६ साली अशा १४६ प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला. लिहिण्याचा फायदा होतो, पण सरासरीने तो लहान असतो, असं त्यातून निघालं. लहान फायदाही मला प्रिय आहे, मी स्वतः आठ वर्षं वही लिहिते. पण तो गोळीच्या जागी बसत नाही.

आणि ‘वाईट काही लिहू नका’? ज्या प्रयोगाचा दाखला देता, त्यात फायदा झाला तो दुखणारी गोष्ट लिहिणाऱ्यांना. मावशीने मला तिची वही दाखवली. अप्पा बळवंत चौकातून मुद्दाम आणलेली, दोनशे पानी. पानामागून पान एकच: मी आनंदी आहे, मला कशाची उणीव नाही, मी आनंदी आहे. सातव्या दिवशीच्या पानावर मध्येच एक ओळ होती, दोनदा खोडलेली. कागद उजेडात धरून मी ती वाचली. "बँकेत आता माझी एकटीची सही चालते."

मी विचारलं, "ही का खोडलीस?"

"नकारात्मक आहे ना ती," मावशी म्हणाली.

सगळ्या वहीत एकच वाक्य तिचं स्वतःचं होतं आणि तेवढंच तिने खोडलं होतं.

कोळशाची म्हण अगदीच खोटी नाही, हेही सांगते. तेच ते उगाळत बसल्याने उदासी वाढते, यावर मानसशास्त्रात भरपूर काम झालेलं आहे. पण उगाळणं वेगळं आणि उलगडणं वेगळं. पेनेबेकरांनी पुढे अशा लिखाणातले शब्दसुद्धा मोजले. ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक ‘कारण’, ‘लक्षात आलं’, ‘आता कळतंय’ या अर्थाचे शब्द वाढत गेले, त्यांना जास्त फायदा झालेला दिसला. चौथ्या दिवशीही पहिल्या दिवसाचंच वाक्य उमटत असेल तर वही मिटावी आणि माणसाशी बोलावं. एखादा विषय लिहिताना आपण कोसळू असं वाटत असेल तर तो आत्ता लिहू नये, असं स्वतः पेनेबेकरही सांगतात.

बाकीचे मुद्दे भराभर. २१ दिवसांचा आकडा १९६० साली एका अमेरिकी प्लास्टिक सर्जनने मांडला. रुग्णांना बदललेला चेहरा अंगवळणी पडायला किमान एवढे दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. नैराश्याशी त्याचा काही संबंध नाही. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या अभ्यासात साधी सवय लागायलाही १८ ते २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. निळ्या शाईबद्दल बोलण्यात अर्थ नाही. हाताने लिहिताना वेग कमी होतो आणि विचाराला अवधी मिळतो, हे मला स्वतःला पटतं. पण टाइप करून लिहिण्याचेही प्रयोग झाले आहेत आणि त्यांतही फायदा दिसला आहे. ज्यांची बोटं संधिवाताने आखडली आहेत, त्यांनी खुशाल फोनवर लिहावं.

घरच्यांना वाचून दाखवायचं म्हणजे मात्र लिहिण्याचा जीवच काढून घ्यायचा. त्या विद्यार्थ्यांच्या कागदांवर नावंसुद्धा नव्हती. दोन खोल्यांच्या घरात जिला कपाटाचा एक खण स्वतःचा नाही, ती सून सासूबद्दल खरं लिहून रात्री सासूलाच वाचून दाखवणार आहे का?

बुधवारी मी मावशीबरोबर डॉक्टरांकडे गेले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. या वेळी चिठ्ठीवर प्रश्न लिहून नेले होते आणि उत्तरं मिळेपर्यंत आम्ही खुर्ची सोडली नाही. वही चालूच आहे, पहाटेऐवजी दुपारच्या चहानंतर, १५ मिनिटं. काय लिहिते ते मी विचारत नाही.

तळजाईच्या ग्रुपवरच्या काका-काकूंना माझी एक कळकळीची विनंती आहे. तो मेसेज जिथे जिथे पाठवलात, तिथे खाली एवढं लिहा: ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका. कुणी केली असेल आणि चक्कर येत असेल, तर आजच डॉक्टरांना फोन करा. मन फार खचलं असेल, तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी क्रमांक आहे, चोवीस तास, फुकट.’ आणि तुमच्यातलं कुणी आठ-दहा दिवसांत फिरायला आलेलं नसेल, तर त्यांच्या घरी जाऊन या.