मर्यादापुरुषोत्तम व्हा!

समितीवर वर्णी लागल्याबद्दल अभिनंदन. आता एखाद्या रसायनाची ‘सुरक्षित मर्यादा’ तुम्हाला ठरवायची आहे. म्हणजे ते किती हुंगलं किंवा किती पोटात गेलं तर माणसाला काहीच झालं नाही असं कागदोपत्री धरायचं, तेवढं सांगायचं. दडपण घेऊ नका. हे काम उंदरांपासून सुरू होऊन आकड्यापाशी संपतं असा बाहेरच्यांचा समज असतो. तुम्ही आकड्यापासूनच सुरू करा. स्थळ पसंत असलं की पत्रिका जुळवणारा मिळतोच.

आकडा काढण्याची सगळ्यात कमी खर्चाची पद्धत १९४९ सालची आहे आणि ती टॅक्सीच्या मागच्या सीटवर जन्माला आली. अमेरिकेत अणुऊर्जेच्या कामात आणि ट्यूबलाइटच्या आतल्या लेपात बेरिलियम वापरलं जात होतं. कामगारांची फुप्फुसं त्यापायी निकामी होत होती. अणुऊर्जा आयोगाला तातडीने मर्यादा हवी होती. आयोगाचे मेरिल आयझेनबड आणि डॉक्टर विलर्ड मॅकल बैठकीला निघाले होते. वाटेत त्यांनी हिशेब मांडला: जड धातूंना घनमीटरभर हवेत साधारण १०० मायक्रोग्रॅम चालतात. त्यांचा अणुभार दोनशेच्या आसपास, बेरिलियमचा नऊ. म्हणजे वीसपट हलका. १०० भागिले २०, बरोबर ५. काळजी म्हणून आणखी खाली आणू, २ धरू. झाली मर्यादा.

यात खोट एवढीच, की बेरिलियमचा आजार अणुभार बघून येत नाही. काही जणांच्या शरीरात त्याच्याविरुद्ध प्रतिकारशक्तीच भडकते आणि अशा माणसाला अगदी थोडं पुरतं. पण ही कुरबूर ऐकायला वेळ कोणाला आहे? अमेरिकेच्या ‘ओशा’ने, म्हणजे कामगार-सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेने, हा आकडा २०१७ साली २ वरून ०.२ वर आणला. मधली अडुसष्ट वर्षं निभावली. टॅक्सीचं भाडं वसूल.

टॅक्सी परवडत नसेल तर उंदीर घ्या. उंदरांचे चार-पाच गट करायचे, प्रत्येकाला वाढत्या मात्रेने रसायन द्यायचं आणि ज्या मात्रेला काहीच बिघाड दिसला नाही अशी सर्वांत मोठी मात्रा शोधायची. तिला ‘नोएल’ म्हणतात. बिघाड ‘दिसला नाही’ म्हणजे ‘झाला नाही’ असं नव्हे, हे तुम्हाला कळतं, पण ते तुमच्याजवळच ठेवा. खरी युक्ती गटाच्या आकारात आहे. एका गटात दहाच उंदीर ठेवले आणि दहाही ठणठणीत निघाले, तरी गणिताने एवढंच सिद्ध होतं की बिघाडाचं खरं प्रमाण शेकडा २६ पेक्षा बहुधा जास्त नाही. पन्नास उंदीर घेतलेत तर ही वरची हद्द शेकडा ६ वर येते. म्हणजे प्रयोग जितका लहान, तितकं रसायन निर्धोक. पैसे वाचतात ते वेगळेच. समितीतलं कोणी ‘बेंचमार्क डोस’चं नाव काढेल. त्यात सगळ्या मात्रांवरून वक्र काढतात आणि ठरावीक बिघाडाला लागणाऱ्या मात्रेची खालची कड धरतात. प्रयोग लहान असला की तो आकडा खाली घसरतो, वर चढत नाही. अशा माणसाला उपसमितीचं अध्यक्षपद द्यावं आणि उपसमितीची बैठक बोलावू नये.

आता उंदराकडून माणसाकडे यायचं. १९५४ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातल्या लेहमन आणि फिट्झह्यू यांनी शंभराने भागायची पद्धत मांडली. पुढे तिची फोड अशी रूढ झाली: माणूस उंदरापेक्षा नाजूक असेल म्हणून दहा, आणि माणसामाणसांत फरक असतो म्हणून आणखी दहा. दहाच का? माणसाच्या हाताला बोटं तेवढीच आहेत, याहून भक्कम उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. एखाद्या दहाबद्दल तुमची अगदीच खात्री पटली नाही तर तो अर्धा करता येतो, पण अर्धा म्हणजे पाच नव्हे, तीन. लॉगच्या पट्टीवर दहाचा अर्धा ३.१६ येतो, तो ३ लिहायचा. आणि असे दोन तीन एकत्र आले की त्यांचा गुणाकार नऊ नाही, दहा धरायचा. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेत तीन त्रिक दहा हा पाढा अधिकृत आहे. चौथीतल्या मुलाला दाखवू नका.

एवढ्या शास्त्रशुद्ध भागाकारानंतर सगळ्यांचं उत्तर एकच यायला हवं, असं वाटेल. प्लास्टिकच्या बाटल्या आणि डब्यांच्या आतल्या लेपातलं बिस्फेनॉल-ए घ्या. १९८८ साली अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने रोजची मात्रा ठरवली शरीराच्या दर किलोमागे ५० मायक्रोग्रॅम. त्यामागच्या प्रयोगात बिघाड न दाखवणारी मात्रा सापडलीच नव्हती. म्हणून बिघाड दाखवणारी सर्वांत लहान मात्रा घेऊन तिला हजाराने भागलं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली ४ मायक्रोग्रॅम सांगितले आणि २०२३ साली ०.२ नॅनोग्रॅम, म्हणजे आधीच्या वीस हजाराव्या भागाइतके. यावेळी त्यांनी उंदरांच्या रोगप्रतिकारक पेशींवर बोट ठेवलं होतं. जर्मनीच्या तज्ज्ञ संस्थेला ते पटलं नाही. त्यांनी २०० नॅनोग्रॅम काढले, म्हणजे युरोपच्या हजारपट. सत्तर किलोच्या माणसाने १९८८ च्या हिशेबाने रोज साडेतीन मिलिग्रॅम पचवायचे, २०२३ च्या हिशेबाने १४ नॅनोग्रॅम. माणूस तोच. कोणत्या अवयवाकडे बघायचं एवढंच बदललं. तेव्हा सूज्ञ सदस्य पहिल्याच बैठकीत विचारतो, ‘आपण यकृतच बघणार ना?’

आकड्याला वजन यावं म्हणून एखाद्या भारदस्त नावाच्या मंडळाचा हवाला द्या. ‘अमेरिकन कॉन्फरन्स ऑफ गव्हर्नमेंटल इंडस्ट्रियल हायजिनिस्ट्स’ हे उत्तम नाव आहे. त्यात ‘गव्हर्नमेंटल’ आहे, मंडळ मात्र खासगी आहे. त्यांच्या मर्यादांना टीएलव्ही म्हणतात. १९८८ साली दोन अभ्यासकांनी या मर्यादांची कागदपत्रं उलगडली, तेव्हा शंभराहून जास्त रसायनांच्या बाबतीत आधार म्हणून कंपन्यांची न छापलेली पत्रं आणि टिपणं निघाली. १९९० साली आणखी दोघांनी तपासलं. मर्यादांचा मेळ माणसांना होणाऱ्या त्रासाशी फारसा बसत नव्हता, कारखान्यांत त्या वेळी प्रत्यक्ष जे प्रमाण होतं त्याच्याशी मात्र चांगला बसत होता. हेच तर सूत्र आहे. कारखान्यात आज जे आहे ते मोजा आणि त्याला सुरक्षित म्हणा, म्हणजे कोणालाच काही बदलावं लागत नाही.

कर्करोग करणाऱ्या रसायनाला खालची सुरक्षित मात्राच नसते असं कोणी म्हणालं तर पेट्रोलमधल्या बेन्झिनचा दाखला देऊन त्याला गप्प करा. किंवा नको, राहू द्या. १९४८ साली अमेरिकेतल्या पेट्रोलियम कंपन्यांच्या संघटनेच्याच अहवालात लिहिलं होतं, की बेन्झिनचं पूर्णपणे सुरक्षित प्रमाण एकच मानलं जातं आणि ते म्हणजे शून्य. त्यापेक्षा फाटकाचा सिद्धांत सांगा. युरोपात २०२४ पर्यंत कामाच्या जागी बेन्झिनची मर्यादा १ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत एक) होती, म्हणजे घनमीटरला ३.२५ मिलिग्रॅम. गावच्या हवेची मर्यादा ५ मायक्रोग्रॅम. भारतातही बाहेरच्या हवेसाठी २००९ पासून ५ मायक्रोग्रॅमच आहेत. म्हणजे कामगार फाटकातून आत शिरला की साडेसहाशेपट दणकट व्हायचा आणि सुटीचा भोंगा झाला की पुन्हा नाजूक. कामगार प्रौढ असतो, ठरावीकच तास आत असतो, आजारी पडला तर यादीतून गळतो, अशी कारणं पुस्तकात आहेत. शेवटचं बैठकीत मोठ्याने वाचू नये.

मर्यादा ठरली, आता मोजणी. इथे तुमच्या कलेला खरा वाव आहे, कारण वाईट मर्यादेपेक्षा वाईट मोजणी स्वस्त पडते. बेन्झिन मोजायला कामगाराच्या कॉलरपाशी, नाकातोंडापासून फूटभराच्या आत, काचेची बारीक नळी अडकवतात आणि कमरेच्या पट्ट्याला छोटा पंप. नळीत नारळाच्या करवंटीचा कोळसा असतो (कोकणाचा मान ठेवायला एवढं पुरे): पुढच्या कप्प्यात १०० मिलिग्रॅम, मागच्यात ५०. पंपाने ओढलेल्या हवेतलं बेन्झिन कोळशाला चिकटतं. प्रयोगशाळेत ते कार्बन डायसल्फाइडने सोडवून मोजतात. मागच्या कप्प्यात पुढच्याच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त निघालं तर नळी भरून वाहिली असं समजून नमुना बाद.

या साध्या उपकरणातून काय काय साधता येतं बघा. नळीला पाच ते तीस लिटर हवा झेपते. आठ तासांच्या पाळीला मिनिटाला ०.०५ लिटर हा वेग ठेवला तर २४ लिटर होतात, ठीक. तुम्ही ०.२ ठेवा. ९६ लिटर जातात, कोळसा तुडुंब भरतो, उरलेलं बेन्झिन मागून निसटतं आणि अहवालात कमी दिसतं. मागचा कप्पा तपासण्याचे वेगळे पैसे प्रयोगशाळेला देऊ नका म्हणजे झालं. पावसाळा निवडलात तर सोन्याहून पिवळं. दमट हवेत कोळशाची धरून ठेवण्याची ताकदच घटते, आणि जुलैत तारापूर किंवा महाडला दमट हवा मागावी लागत नाही.

उलट दिशेनेही जाता येतं. प्रयोगशाळेला दखल घ्यायला किमान ५ मायक्रोग्रॅम बेन्झिन लागतं असं धरू. २४ लिटर हवा घेतली तर ०.०७ पीपीएमसुद्धा पकडलं जातं. दहाच मिनिटं पंप चालवा, अर्धा लिटर हवा येते, आणि ३ पीपीएमपर्यंत काहीही असलं तरी अहवालात ‘आढळले नाही’. सरासरी काढताना ‘आढळले नाही’ म्हणजे शून्य लिहायचं. जाणकार तिथे शोधमर्यादेचा अर्धा भाग लिहितात. त्यांना लिहू द्या, सही तुमची आहे.

सरासरी ही तर मोठी दयाळू बाई. आठ तासांची मर्यादा १ पीपीएम असेल आणि टँकर भरताना, गाळणी उघडताना किंवा गॅस्केट बदलताना कामगाराने पंधरा मिनिटं ३२ पीपीएम ओढलं, मग दिवसभर स्वच्छ हवेत बसला, तर सरासरी बरोबर १ येते. कामगार गरगरला तरी कागद ताठ उभा. यावर उतारा म्हणून पंधरा मिनिटांची वेगळी अल्पकालीन मर्यादा असते. त्यावर तुमचा उतारा असा, की नेमक्या त्या पंधरा मिनिटांत पंपाची बॅटरी बदलायला काढावी. आणि नमुने शक्यतो शटडाउनच्या आठवड्यात घ्यावेत.

पाळी बारा तासांची असेल तर? ब्रीफ आणि स्काला यांचं १९७५ चं सूत्र सांगतं: आठ भागिले पाळीचे तास, गुणिले चोवीसमधून पाळीचे तास वजा करून सोळाने भागून आलेली संख्या. बारा तासांना उत्तर येतं नेमकं ०.५. शरीरात साठायला चार तास जास्त आणि बाहेर टाकायला चार तास कमी, म्हणून मर्यादाही निम्मी. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतल्या कामाची रोजची हद्द ९ तासांवरून १२ वर न्यायला मंजुरी दिली. तास वाढवण्याचा ठराव आणि मर्यादा निम्मी करण्याचा ठराव एकाच बैठकीत येणार नाहीत, एवढी दक्षता घ्या.

मिश्रणं सोपी आहेत. बेन्झिन, टोल्युइन, झायलीन प्रत्येकी आपापल्या मर्यादेच्या नव्वद टक्के असतील, तर नियमाने तिन्ही गुणोत्तरांची बेरीज करायची. ती येते २.७, म्हणजे मर्यादेच्या जवळपास तिप्पट. तुम्ही तीन वेगळे अहवाल द्या, तिघंही पास. कातडीचं तर बोलूच नका. थिनरच्या बादलीत कोपरापर्यंत हात बुडवून पार्ट धुणाऱ्या पोराच्या कॉलरवरच्या नळीला त्याचे हात दिसत नाहीत.

कायद्याचं भय मनातून काढा. भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, आपल्या कारखाने कायद्यात मर्यादांची यादी आली. तीत भोपाळला गळलेल्या मिथाइल आयसोसायनेटची मर्यादा ०.०२ पीपीएम होती. यादीत आकडा असणं आणि कारखान्यात मोजणारा असणं या दोन भिन्न गोष्टी आहेत. अमेरिकेतही धीर देणारी परंपरा आहे. ओशाच्या बऱ्याच मर्यादा १९६८ च्या यादीतून उचललेल्या. १९८९ साली त्यांनी शेकडो मर्यादा एकदम सुधारल्या, तर १९९२ साली न्यायालयाने सगळ्याच रद्द केल्या, कारण प्रत्येक रसायनाचा धोका वेगवेगळा सिद्ध केला नव्हता. तेव्हा विरोधकांकडून एकेका रसायनाचा स्वतंत्र अभ्यास मागा. एकाला दहा वर्षं लागली तरी तुमची निवृत्ती पार पडते.

एका प्रकरणाचा उल्लेख मात्र इतिवृत्तात येऊ देऊ नका: व्हिनाइल क्लोराइड. पीव्हीसीच्या कारखान्यांत त्याची मर्यादा ५०० पीपीएम होती. जानेवारी १९७४ मध्ये केंटकीतल्या लुइव्हिलच्या कारखान्यातल्या कामगारांना यकृताचा अतिदुर्मीळ कर्करोग झाल्याचं जाहीर झालं. ओशाने मर्यादा १ वर आणली, एप्रिल १९७५ पासून. एवढं खाली जाणं यंत्रांना शक्यच नाही, धंदा बसेल, लाखो माणसं रस्त्यावर येतील, असं उद्योगाने सांगितलं होतं. मग त्यांनी गळत्या बंद केल्या, राळेत अडकलेला वायू ओढून परत वापरात घेतला, त्याचं तंत्र बसवून ते दुसऱ्यांना विकलंसुद्धा. पीव्हीसी आजही बनतंय. समितीतल्या तरुण सदस्याने हे वाचलं आणि ‘शक्य नाही’ या शब्दांपुढे प्रश्नचिन्ह काढलं, तर पुढच्या बैठकीची सूचना त्याला जुन्या पत्त्यावर पाठवा.