केक आधी मागवा

गेल्या शुक्रवारी आमच्या प्रोजेक्टची सक्सेस पार्टी झाली. ज्या गोदामासाठी ते सॉफ्टवेअर बनवलं, तिथला कारकून त्याच वेळी वहीत हाताने चलनं लिहीत होता. केक मात्र उत्तम होता. तुम्हालाही असं यश हवं असेल तर ऐका.

यश म्हणजे काय हे सुरुवातीला लिहून ठेवू नका. शेवटी जे हाती लागेल, त्यालाच यश म्हणायचं.

तारीख कशी द्यावी हे मुंबई-गोवा महामार्गाकडून शिका. काम २०११ पासून चालू आहे आणि गणपती दरवर्षी येतात. जास्त सांगायला नको.

खर्च वाढला तर सिडनीच्या ऑपेरा हाउसचा विषय काढा. अंदाज ७० लाख डॉलरचा, लागले १० कोटी २० लाख. ठरलं होतं १९६३, उजाडलं १९७३. तरी आज जग फोटो काढायला जातंच ना? आपण बनवतोय ते चलन भरायचं पान आहे, हे मीटिंगमध्ये कोणी बोलत नाही.

आपला तुकडा पूर्ण करा, जोडणी दुसरे बघतील. अंधेरीचा गोखले पूल २०२४च्या फेब्रुवारीत अर्धा खुला झाला, तेव्हा शेजारच्या बर्फीवाला पुलाशी त्याची उंचीच जुळत नव्हती. पण पूल झाला होता की नाही?

आता प्रगतीच्या अहवालाचं. सोमवारच्या तक्त्यात सगळं हिरवं, म्हणजे 'सगळं ठीक', भरा. पिवळं भरलं की रोज एक कॉल मागे लागतो. लाल भरलं की मेल वरपर्यंत जातो आणि वरून उत्तर येतं, 'प्रॉब्लेम नको, सोल्यूशन घेऊन या.' आमच्या टेस्टरने सांगितलं होतं, गोदामाच्या मागच्या भागात नेटवर्क येत नाही, स्कॅनर चालणार नाही. त्यावर काय झालं? 'रिस्क नोंदवली' असं लिहिलं, रांग हिरवी केली आणि पुढचा मुद्दा घेतला. दर सोमवारी तीच रांग, तोच हिरवा. गो-लाइव्हच्या, म्हणजे सॉफ्टवेअर प्रत्यक्ष सुरू करायच्या दिवशी स्कॅनर बंद पडले तर म्हणे, 'युझरला ट्रेनिंग कमी पडलं!' ट्रेनिंग? त्या माणसाने काय हवेतून नेटवर्क ओढायचं?

अहो, एवढ्या महिन्यांत एकदा तरी त्या गोदामात जाऊन उभं राहायचं होतं! तक्ता रंगवणाऱ्यांपैकी एकालाही ती जागा कशी दिसते ते माहीत नाही, आणि यश तुम्ही ठरवणार? त्या कारकुनाला विचारा ना, प्रोजेक्ट झाला का म्हणून. तुमच्या त्या पार्टीच्या पैशात दोन राउटर आले असते.